अडॅप्टर जोडला गेला, तरी सेलचे व्होल्टेज दिसेना

फोनवरील अ‍ॅप माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील संगणकांची माहिती वाचण्याची जोडणी) लावलेल्या अडॅप्टरशी ब्लूटूथने जोडले जाई, 12 व्होल्टच्या बॅटरीचा आकडाही दाखवी. मुख्य बॅटरीतील सेलचे रकाने मात्र रिकामेच राहत. ही माहिती उत्पादकाच्या स्वतंत्र कोडांनी मागवावी लागते आणि कॅन या गाडीतील संगणकांच्या जाळ्यावरील साध्या संदेशात जेमतेम 8 बाइट मावत असल्याने लांबलचक उत्तर तुकड्यातुकड्यांनी येते. ईएलएम327 या अशा अडॅप्टरमधील मूळ चिपची नक्कल असलेला माझा स्वस्त अडॅप्टर पहिल्या तुकड्यानंतर गप्प बसत असल्याचे अ‍ॅपच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसले. मूळ चिपच्या सर्व आज्ञा पाळणारा अडॅप्टर लावून अ‍ॅपमध्ये गाडीचे नेमके मॉडेल निवडताच आकडे उमटले. सेलच्या व्होल्टेजमधील फरक वेग घेताना पाहावा (फोन अर्थातच शेजारच्याच्या हाती), कारण दुबळा सेल भाराखाली अधिक ठळकपणे उघडा पडतो. सॉकेटच्या 16व्या पिनला गाडी बंद असतानाही वीज मिळत राहते, म्हणून काम झाले की अडॅप्टर काढून ठेवतो.