अमेरिकेचा मिक्सर नागपुरात चालवायचाय? आधी हर्ट्झ विसरा

अमेरिकेहून कुणी मिक्सर आणला की तो बॅगेतून निघायच्या आधीच घरातला एखादा जाणकार सांगतो, "तिकडे साठ हर्ट्झ, आपल्याकडे पन्नास. हळूच चालणार." हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा. असे दहा-बारा मिक्सर मी नागपुरात लावून दिलेत. हर्ट्झपायी एकही हळू झाला नाही. व्होल्टेजपायी झाला, आणि तो माझ्याच हातून.

मोटर ओळखा. बाजूला कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज देणारे तुकडे) बदलायची स्क्रूची टोपी असेल, किंवा पाटीवर ३६०० पेक्षा जास्त आरपीएम असतील, तर ती कार्बनवाली युनिव्हर्सल मोटर समजा. मिक्सर, हँड ब्लेंडर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर बहुतेक याच जातीचे.

कुलरच्या पंख्याची गोष्ट वेगळी. त्याचं चुंबकीय क्षेत्र पुरवठ्याच्या तालावर फिरतं: चार पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) मोटरीत ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० फेरे, ५० वर १५००, आणि रोटर, म्हणजे फिरणारा भाग, त्याच्या जरा मागे. मिक्सरमध्ये फिल्ड (स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (फिरणारी कॉइल) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेली असतात. प्रवाह उलटला की दोन्हीकडे एकदमच उलटतो, म्हणून जोर एकाच दिशेला लागत राहतो. ही मोटर डीसीवरही पळते. तिचा वेग व्होल्टेज आणि लोड ठरवतात. ६० चे ५० हर्ट्झ झाले की कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा अडथळा) सहाव्या हिश्शाने घटतो, म्हणजे वेग बदललाच तर किंचित वाढेल.

पाटी वाचा. १२० व्होल्ट लिहिलंय? मग आपल्या २३० वर सरळ लावू नका, मोटर जळेल.

आता स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० चे १२० व्होल्ट करणारा डबा. सगळे फसतात ते इथेच. माझा मिक्सर ४५० वॉटचा, म्हणून मी ५०० वॉटचा डबा घेतला. हिशेब बरोबर वाटला. मे महिना होता, गल्लीतले सगळे कुलर सुरू. चटणी व्हायची, पण वडाभातासाठी भिजवलेली डाळ टाकली की मिक्सर रडायला लागायचा. मी मोटर उघडली, कार्बन बदलले, कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) घासला, दोन दिवस घालवले आणि शेवटी हर्ट्झलाच शिव्या दिल्या. मग डाळ वाटताना मल्टिमीटर लावला. रिकाम्यात ११७ दाखवणारा डबा लोडवर ९२ वर येत होता! कुलरांमुळे लाइनचं व्होल्टेजच खाली, त्यात डबा लहान. मोटरचा काही दोष नव्हता.

म्हणून मिक्सरच्या वॉटच्या दुप्पट डबा घ्या. दुकानदार "दीडपट पुरते भाऊ" म्हणेल; त्याला मेमधल्या नागपूरच्या दुपारी डाळ वाटायची नाही. हातात हलका लागणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अजिबात नको, तो हीटरसारख्या वस्तूंसाठी असतो. तिकडूनच आणलेल्या ट्रान्सफॉर्मरवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तोही नको: ५० वर त्याचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, तो गुणगुणतो आणि तापतो. हर्ट्झची काळजी करायचीच असेल तर या डब्याची करा.

व्होल्टेज मोजायचं ते लोडवरच. डब्याला दोन सॉकेटची पट्टी लावा. एकात मिक्सर, दुसऱ्यात मल्टिमीटरच्या पिना, रेंज एसी. भांड्यात डाळ हवी, पाणी नव्हे. ११० च्या खाली गेलं तर डबा बदला किंवा सकाळी लवकर वाटा. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

तिकडून आलेल्या टेबल फॅनचा मात्र वेग कमी होणार आणि मोटर तापणार. मोटरवर चालणाऱ्या जुन्या घड्याळी टायमरचंही तेच: इथे त्याचा एक तास ७२ मिनिटांचा होतो.