सॉफ्टनरच्या कनेक्शनचं काम शिकताय? मग आधी ड्रेन बघा

आयटीआयमधून प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड करून पोरं आमच्याकडे येतात तेव्हा पाईप कापणं, जॉइंट मारणं सगळं येत असतं त्यांना, पण सॉफ्टनरच्या, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे हार्ड झालेलं पाणी सॉफ्ट करणाऱ्या मशीनच्या, साईटवर पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, इनलेट कुठून घ्यायचा?" अरे इनलेट मिळतोच, टाकीवरून उतरलेली लाईन डक्टमध्ये नाहीतर बाथरूमच्या माळ्यावर कुठेतरी दिसतेच. ड्रेन, म्हणजे मशीनचं सांडपाणी, कुठे सोडणार ते सांग आधी. मशीनची जागा ड्रेन ठरवतो, ग्राहकाला शोभेचा कोपरा कुठला वाटतो त्यावर ती ठरत नाही.

का ते सांगतो. आत रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही दिवसांनी मणी भरतात, मग मिठाचं पाणी फिरवून त्यांना परत कामाला लावायचं, ते रिजनरेशन. त्यात बॅकवॉशचं, म्हणजे मणी उलट्या प्रवाहाने धुतल्याचं, पाणी जोरात बाहेर येतं, आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह असेल तर बहुतेक वेळा ते रात्री सगळे झोपलेले असताना, कारण टायमिंगच तसं लावतात. म्हणजे ड्रेनमध्ये गडबड असेल तर सकाळी ड्राय बाल्कनीत तळं आणि खालच्या मजल्यावरचे काका दारात.

ड्रेनचा पाईप मशीनच्या ड्रेन पोर्टच्या (तोंडाच्या) साईजपेक्षा बारीक करायचा नाही, उगाच लांब फिरवायचा नाही, आणि टोक नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या खोबणीत) खुपसायचं तर अजिबात नाही. वर तीन-चार बोटं मोकळी हवा ठेवायची. पावसाळ्यात लाईन चोकअप झाली की घाण पाणी वर येतं, पाईप त्यात बुडालेला असेल तर ते उलटं मशीनमध्ये खेचलं जाऊ शकतं. कुंड्यांच्या जाळीतही सोडू नका. एका घरी आधीच्या कोणीतरी तसंच केलेलं, मिठाने काकूंची तुळस जळाली आणि त्या मशीनलाच अपशकुनी म्हणत होत्या!

आता मुळात मशीन लागतं का ते बघा. मुंबईत पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरण-तलावांचं, ते सहसा फार हार्ड नसतं. खरा त्रास बोअरवेल नाहीतर टँकरचं पाणी मिक्स करणाऱ्या सोसायट्यांत, नळावर पांढरा थर, शॉवरची भोकं बंद, गीझरच्या कॉइलवर पापुद्रे. त्यामुळे ड्रॉप टेस्टचं किट खिशात ठेवा, पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर हार्डनेस कळत नाही, सॉफ्टनरने टीडीएस कमीही होत नाही, आणि हे कस्टमरला काम घेण्याआधीच सांगून टाका, नाहीतर नंतर तो मीटर घेऊन भांडायला उभाच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत.

साईजचा हिशोब सोपा आहे. चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५४० लिटर. हार्डनेस ४०० असेल तर रोजचा भार साधारण २१६ ग्रॅम. एक लिटर रेझिन अंदाजे ५० ग्रॅम धरतं असं धरून चाला, २५ लिटर रेझिन पाचेक दिवस जाईल.

मग प्रेशर, इथे भलेभले अडकतात. दहा मीटर उंचीच्या पाण्याचं प्रेशर जेमतेम एक बार. टाकी गच्चीवर आणि फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे शॉवरलाच धड पाणी नाही, तिथे मशीन कसं चालणार? कमी प्रेशरला इंजेक्टर, म्हणजे टाकीतलं मिठाचं पाणी मशीनमध्ये ओढणारा भाग, ते ओढतच नाही, मीठ महिनोन्महिने तेवढंच राहतं आणि घरातले खूश, मीठ कमी लागतं म्हणून. मशीनला किमान किती प्रेशर लागतं ते मॅन्युअलमध्ये बघा, कमी पडत असेल तर आधी प्रेशर पंपाचं बोला.

बायपासला तीन बॉल व्हॉल्व्ह, एक इनलेटवर, एक आउटलेटवर, एक दोघांच्या मध्ये. मधला बंद आणि बाजूचे दोन चालू म्हणजे पाणी मशीनमधून, उलट केलं की थेट घरात. खर्च वाचवायला मधला गाळायला सांगतात, ऐकू नका, मशीन बिघडलं की अख्खं घर कोरडं राहतं. दोन्ही बाजूंना युनियन द्या म्हणजे मशीन पाईप न कापता सुटतं. इनलेटला आधी सेडिमेंट फिल्टर, टँकरच्या गाळाने रेझिनची वाट लागते. गीझर जवळ असेल तर मधे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाका, गरम पाणी उलटं यायला नको.

नवीन पोरांना न कळणारी एक गोष्ट म्हणजे पाऊण इंची सीपीव्हीसी आणि पाऊण इंची यूपीव्हीसी हे दोन जातींचे प्लॅस्टिक पाईप एकमेकांत बसत नाहीत, बाहेरचा व्यास वेगळा असतो, चिकटवायचं सोल्युशनही वेगळं, जोडायला थ्रेडवालं अडॅप्टरच लागतं. मशीनच्या प्लॅस्टिक हेडवर (वरच्या व्हॉल्व्हवर) फक्त टेफ्लॉन टेप, थ्रेडला गुंडाळायचं जुन्या पद्धतीचं सूत-सफेदा नको, आणि पाना घेऊन ताकद दाखवू नका, हेडला चीर गेली तर ते आपल्या अंगावर. अडॅप्टरला पाईप बाहेरच चिकटवा, सुकू द्या, मग थ्रेड फिरवा, म्हणजे सोल्युशन हेडमध्ये ओघळत नाही. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ द्यायचा. फिटिंग आणि पाने घ्यायला नागदेवी स्ट्रीटला एकदा चक्कर मारा, भाव आणि क्वालिटी दोन्ही हातात घेऊन कळतात.

पालिकेच्या लाईनला मात्र हात लावायचा नाही, तिथे लायसन्सवालाच प्लंबर लागतो, आपलं काम टाकीच्या पुढचं. किचनचा पिण्याचा नळ शक्यतो सॉफ्टनरच्या आधीच काढा, त्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं आणि बीपीवाले घरात असतातच.

चालू करताना इनलेट अगदी हळू उघडा, हवा निघू द्या, पहिलं तपकिरी पाणी ड्रेनला जाऊ द्या. मग हाताने एक रिजनरेशन लावून मिठाच्या टाकीतली लेव्हल खाली जाते का ते उभं राहून बघा, प्रेशर ठीक असूनही नसेल जात तर बहुतेक बारीक ट्यूबच्या जॉइंटमधून हवा ओढली जातेय. शेवटी कस्टमरसमोर ड्रॉप टेस्ट, पण बाथरूमच्या थंड नळाच्या पाण्याची, तीही नळ थोडा वेळ सोडून. गीझरमध्ये जुनं हार्ड पाणी भरलेलं असतं, ते निघायच्या आत सॅम्पल घेतलं तर मशीन बरोबर चालूनही टेस्ट फेल दिसते आणि तुमचं पेमेंट अडकतं.