ट्रेसरूट अर्धीच वाट दाखवतो: या चुका टाळा

बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटाने गेलात, अनमोडवरून खानापूरमार्गे परतलात. एकूण वेळ जास्त लागला तर दोष चोर्ल्याला द्याल? ट्रेसरूट, म्हणजे आपली पॅकेटं (डेटाचे तुकडे) कोणकोणत्या राउटरमधून जातात ते दाखवणारी आज्ञा, वाचताना हेच होतं. यादीत दिसतात ते जातानाचे राउटर; पुढचे मिलिसेकंद मात्र जाण्या-येण्याचे मिळून असतात. परतीची वाट पलीकडचं नेटवर्क ठरवतं. ती वेगळी असणं हा बिघाड नव्हे.

सातव्या हॉपवर (वाटेतल्या सातव्या टप्प्यावर) ८ चे एकदम ६० मिलिसेकंद झाले की ‘सातवा राउटर खराब’ अशी तक्रार जाते. आधी पुढचे हॉप बघा. आठव्याला पुन्हा ९ दिसले, तर सातवा फक्त उत्तर द्यायला चालढकल करतोय; त्याचं मुख्य काम पॅकेट पुढे ढकलणं. मधल्या हॉपवरच्या चांदण्यांचंही (उत्तर न आल्याच्या * खुणांचंही) बहुधा तेच. शेवटपर्यंत ६० राहिले तर वाढ खरी, पण ती येतानाचीही असू शकते. फायबरमध्ये दर १०० किमीला जाऊन-येऊन साधारण १ मिलिसेकंद धरा. बेळगाव–मुंबई सुमारे ५०० किमी, म्हणजे ५ आणि वर थोडे. मुंबईतल्या हॉपला ६० लागत असतील तर चेन्नईच्या वळशानेही हिशेब जुळत नाही: एक तर कुठेतरी गर्दी आहे, नाहीतर उत्तर परदेश फिरून येतंय.

पिंगच्या उत्तरातला टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकने घटणारा आकडा, कुणी बघतच नाही. लिनक्स सर्व्हर बहुधा ६४ पासून सुरू करतो, विंडोज १२८ पासून. लिनक्स सर्व्हर नवव्या हॉपवर असेल तर मध्ये ८ राउटर. परतीलाही तेवढेच असते तर ५६ दिसला असता. ४९ दिसला, म्हणजे येताना १५ लागले. एमपीएलएस (पुरवठादारांची लेबल लावून पॅकेट नेण्याची पद्धत) काही राउटर लपवतं, त्यामुळे एक-दोनचा फरक सोडून द्या.

खात्री हवी तर पलीकडून ट्रेस घ्या: आपल्या सर्व्हरवरून, त्या नेटवर्कच्या लुकिंग ग्लासवरून (त्यांच्या राउटरवरून ट्रेस घेऊ देणाऱ्या वेबपानावरून) किंवा राइप ॲटलस या जगभर पसरलेल्या मोजणी-जाळ्याच्या प्रोबवरून (छोट्या मोजणी-उपकरणावरून). तिथे ट्रेसचं टोक म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला आयपी पत्ता देऊ नका. राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर तो पुरवठादाराच्या आतला, तोही चालणार नाही. बाहेर दिसणारा पब्लिक पत्ता द्या. ट्रेस पुरवठादाराच्या दारात थांबला तरी कामाचा आहे.

दोन्ही ट्रेस एकाच वेळी, एकाच प्रोटोकॉलने घ्या. ट्रेससाठी विंडोज आयसीएमपी (पिंगचाच प्रोटोकॉल) पाठवतं, लिनक्स सहसा यूडीपी हा दुसरा प्रोटोकॉल, पोर्ट ३३४३४ पासून पुढे. लोड बॅलन्सिंगमुळे (वाहतूक अनेक वाटांवर वाटल्यामुळे) दोघांच्या वाटा फुटतात. तक्रारीत दोन्ही ट्रेस, पब्लिक पत्ता आणि भारतीय वेळ लिहा.