खुल्या मैदानातली मैफल आणि खान्देशातली लहरी हवा

मैदानातल्या गाण्याला जाताना कपडे ठरवायचे ते घरी परतण्याच्या वेळेवरून, निघण्याच्या वेळेवरून नाही. खान्देशात हे फार पाळावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दुपारी पारा 28-30 अंशांवर असतो आणि पहाटे 10 च्या आसपास किंवा त्याखालीही येतो. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. त्यात सातपुड्याकडून उत्तरेचा वारा सुटला की संध्याकाळी सहाला नकोसा वाटणारा स्वेटर नऊला अपुरा पडतो. आभाळ भरलेलं असेल तर रात्र तेवढी गार होत नाही, पण मग छत्री-रेनकोटाचा विचार करावा लागतो. म्हणून निघण्याआधी अंगणात येऊन आभाळ बघा, आणि हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाजही बघा.

थंडीतली रात्र

बसून राहणाऱ्या माणसाला थंडी आधी खालून लागते. नुसती सतरंजी अंथरली तर तासाभरात ती जमिनीइतकीच गार होते. सगळ्यात खाली ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, त्यावर दुहेरी घडीची घोंगडी किंवा जुनी गोधडी, आणि वर सतरंजी, असे थर घाला. प्लास्टिक ओल अडवतं, गोधडीत अडकलेली हवा गारठा अडवते, दोन्ही लागतात. तापीकाठी, सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी किंवा केळीच्या बागांलगत गावापेक्षा जास्त गारठा असतो, आणि उशिरा दहिवरही पडतं. वरून पांघरायला सुती चादरीपेक्षा लोकरी शाल बरी, कारण लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरते.

घामेजलेला सुती बनियन निघण्याआधी बदला. ओलं सूत अंगाला चिकटून राहतं आणि ऊब ओढून घेतं. वर कितीही चढवलं तरी कुडकुड थांबत नाही. कोरडा बनियन, त्यावर स्वेटर, आणि वारा अडवणारं पातळ जर्किन, एवढं पुरतं. कानांना बागायती रुमाल किंवा मफलर घ्या. मोज्यांचे दोन जोड बुटात घट्ट बसत असतील तर एकच घाला, कारण दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट लवकर बधिर होतात.

खरी परीक्षा परतीच्या रस्त्यावर असते. ध्वनिक्षेपकाला एरवी रात्री 10 पर्यंत आणि सरकारने ठरवून दिलेल्या दिवशी 12 पर्यंत परवानगी असते, म्हणजे मोटारसायकलवरून गावी निघायची वेळ ऐन गारठ्याची. हवा 10 अंश असताना ताशी 50 किलोमीटरने गेलात, तर अंगाला ती 5-6 अंशांसारखी लागते. हातमोजे नसतील तर बोटं आखडतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो, म्हणून हातमोजे आधी पिशवीत टाका, बाकीचं नंतर. जर्किन नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, वारा चांगला अडतो. वेग 40 च्या आत ठेवा.

दिवाळी पहाटेला याच्या उलट होतं. पाचला हुडहुडी, नऊला ऊन. तिथे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर घाला, म्हणजे एकेक काढता येईल.

गावातल्या भजनी मंडळांनी वाद्यांचाही विचार करावा. हवा दमट झाली की तबला-पखवाजाची चामड्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. तंबोऱ्याची तार मात्र गारठ्यात आखडून चढते. एक उतरलेला आणि एक चढलेला, म्हणून मध्यरात्री सूर जुळता जुळत नाहीत. वाद्यं किमान तासभर आधी मंचावर आणून ठेवा म्हणजे ती तिथल्या हवेला सरावतात, आणि मगच लावा. वाजवत नसाल तेव्हा पुडीवर कापड हवंच. हॅलोजन अगदी जवळ ठेवून पुडी तापवू नका. ती कोरडी होऊन ताणली जाते आणि ऐन गाण्यात फाटते.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत

पारा 42-44 वर गेलेल्या दिवसांत सूर्य मावळला तरी जमीन तापलेलीच असते. तीन तासांच्या कार्यक्रमाला माणशी किमान दीड लिटर पाणी न्या. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यातच विरघळवा. कमी पाण्यात केलं तर क्षार जास्त होतात आणि त्रास वाढतो. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी बरळायला लागलं, तोल गेला किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

वादळ, वीज, गारा

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट, मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळी आडव्या करणारं वादळ. ही वादळं बहुधा दुपारनंतर, संध्याकाळी उठतात, म्हणजे नेमकी कार्यक्रमाच्या वेळी. सकाळचा अंदाज तेव्हा शिळा झालेला असतो. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा देतं, तो चारनंतर बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते आधीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

उकाड्यात एकदम गार, धुळीचा झोत आला आणि वाऱ्याची दिशा फिरली, तर वादळ जवळ आलं असं समजा. हाताशी थोडीच मिनिटं असतात. लोक तेव्हा मांडवाकडे धावतात, आणि तीच सगळ्यात धोक्याची जागा. वारा भरला की कापडाचं शीड होतं आणि खांब उपटले जातात. पावसाचं ओझंही कमी नसतं. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 20 बाय 40 फुटांच्या ताडपत्रीवर 10 मिलिमीटर पडला आणि झोळ असल्यामुळे वाहून गेला नाही, तर जवळजवळ 740 किलो वजन डोक्यावर लटकतं. म्हणून आयोजकांनी ताडपत्री उताराची बांधावी आणि वारा सुटताच बाजूच्या कनाती सोडून काढाव्यात.

श्रोत्यांनी मांडव, कमानी, फलक, स्पीकरचे मनोरे आणि झाडं यांपासून लांब जायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला, तर पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबा. आसरा नसेल तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका. गारा सुरू झाल्या तर प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर धरा. ओल्या जमिनीवरच्या वायरी ओलांडू नका. छत्री वाऱ्यात उलटते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते, त्यापेक्षा रेनकोट बरा.

गाडी काळ्या मातीच्या शेतात लावू नका, मुरमाडावर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला लावा. पाव तासाच्या पावसातही ही माती चाकाला लपेटते आणि मडगार्डमध्ये ठासून चाक जाम होतं. तशा वेळी रेस देऊ नका, क्लच जळतो. काडीने माती खरवडून काढा आणि गाडी ढकलत रस्त्यावर आणा.