जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला फिल्टर कसा बसवावा

जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगचा, म्हणजे गिअर आणि तेल असलेल्या कवचाचा, ड्रेन प्लग काढा. प्लगला चुंबक असेल, तर त्याच्या टोकाला करड्या रंगाचा मऊ लेप चिकटलेला दिसेल. बोटांत चोळला की तो चकाकतो. ही गिअरच्या झिजेची पूड. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिघांना मिळून एकच तेल असतं. गिअरनं सोडलेलं लोखंड, तेलातल्या ब्रेकच्या लायनिंगची भुकटी, सीलचे तुकडे सगळं त्यातच उतरतं आणि पंप तेच तेल ओढतो. पंपाच्या तोंडाशी बहुतेक वेळा फक्त तारेची जाळी असते. ती चिंधी अडवते, पूड अडवत नाही.

तेल हातावर घेऊन "स्वच्छ आहे" असं म्हणण्यात अर्थ नाही. साधारण 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही आणि पंपाच्या आतल्या फटी तर त्याहून कितीतरी बारीक, काही मायक्रॉनच्याच असतात. पंपाला खाणारा कण हा न दिसणाराच असतो.

आधी जागा ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पंपाच्या आधी फिल्टर लावावा असं पटकन वाटतं, कारण वाचवायचा तर पंपच आहे. मीही पहिला फिल्टर ओढीच्या लाइनवरच लावला होता. उन्हाळाभर काही जाणवलं नाही. थंडीतल्या एका सकाळी ट्रॅक्टर सुरू केला, तर पंप कण्हायला लागला आणि लोडर धक्के खात वर जाऊ लागला. फिल्टर काढला आणि आवाज थांबला.

कारण सरळ आहे. पंप तेल ढकलायला ताकदवान असतो, ओढायला नाही. थंड, घट्ट तेल बारीक कागदातून ओढताना तेलात पोकळीचे बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूला गेल्यावर फुटतात. त्या माऱ्यानं पंपाच्या आतल्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ओढीच्या बाजूला बारीक फिल्टर लावण्यापेक्षा फिल्टर नसलेला बरा. तिथे 100-150 मायक्रॉनची जाळीच राहू द्या, फक्त ती स्वच्छ ठेवा.

दाबाच्या लाइनवर तर साधा फिरवून बसवायचा डबा कधीच लावू नका. तिथे 150 बार आणि त्याहून जास्त दाब असतो, डबा त्याचा लहानसा अंशही सहन करत नाही. तो फाटला तर गरम तेलाचा फवारा थेट माणसाच्या अंगावर येतो.

राहिली परतीची लाइन, म्हणजे व्हॉल्व्हकडून टाकीकडे किंवा हाउसिंगकडे जाणारी. दाब कमी, पोचायला सोपी आणि काम करून आलेलं सगळं तेल तिथूनच जातं. फिल्टर इथेच लावायचा.

मात्र प्रत्येक ट्रॅक्टरला ही सोय नसते. फर्ग्युसन टीई-20 आणि त्याच घराण्यातले मॅसी फर्ग्युसन 35 व 135 यांच्या मूळ लिफ्टचा पंप हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. लिफ्ट स्थिर असताना तेल फिरतच नाही, त्यामुळे बाहेरून परतणारी लाइन मिळत नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह जोडून लोडर चालवत असाल तरच त्याच्या परतीवर फिल्टर बसेल. नाहीतर जाळी धुणं, चुंबकाचा प्लग आणि वेळेवर तेल बदलणं हाच उपाय. याउलट लोडरला स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी असेल, तर काम सगळ्यात सोपं.

कोणता फिल्टर घ्यावा

पंप मिनिटाला 30 लिटर देतो म्हणून 30 लिटरचा फिल्टर घेतला, तर तो कमी पडेल. दोन्ही बाजूंनी तेल घेणाऱ्या (डबल अ‍ॅक्टिंग) सिलिंडरचा रॉड आत जाताना पंप रॉडच्या बाजूला तेल भरतो आणि दुसऱ्या बाजूनं त्याहून जास्त तेल बाहेर पडतं. रॉडनं पिस्टनचं अर्धं क्षेत्रफळ व्यापलं असेल, तर 30 लिटर आत जाताना 60 लिटर परततं. ट्रॉलीचा जॅक वजनानं खाली येतानाही असाच लोंढा येतो. म्हणून पंपाच्या दुपटीहून कमी क्षमतेचा फिल्टर घेऊ नका, तिप्पट मिळाला तर उत्तम.

हेड म्हणजे डबा ज्यावर फिरवून बसतो तो भाग. बायपास व्हॉल्व्ह असलेलंच हेड घ्या, साधारण 1.5 ते 1.75 बारला उघडणारं. कागद तुंबला तरी तेलाला वाट राहते. हेडवर दाब दाखवणाऱ्या गेजसाठी छिद्र असेल तर फारच चांगलं. सुरुवातीला 25 मायक्रॉनचा डबा लावा, तेल निवळल्यावर 10 चा. इंजिन ऑइलचा फिल्टर आटे जुळतात म्हणून चढवू नका, त्याचा कागद आणि बायपास वेगळ्या कामासाठी असतात.

बसवताना

1. ट्रॅक्टर आणि जोडांभोवतीची माती धुऊन काढा. लोडर, लिफ्ट पूर्ण खाली टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून अडकलेला दाब सोडा.

2. जुनं तेल गरम असतानाच काढा, म्हणजे बसलेला गाळही बरोबर येतो. जाळी डिझेलमध्ये धुऊन वाळवा. तेल दुधासारखं पांढरट असेल, तर त्यात पाणी आहे. फिल्टर पाणी काढणार नाही, ते कुठून शिरतंय ते आधी शोधा.

3. हेडसाठी पट्टी हाउसिंगच्या रिकाम्या बोल्टच्या छिद्रांवर बसवा. हाउसिंगला नवं छिद्र पाडू नका, किस आत पडतो. सायलेन्सरपासून लांब, डबा खाली लोंबकळेल आणि हातानं फिरवता येईल अशी जागा निवडा.

4. आता आटे. अर्धा इंच आणि पाऊण इंच मापात बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या पाइपच्या आट्यांच्या दोन्ही प्रकारांत इंचाला 14 च आटे असतात. त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान जातो आणि जमलं असं वाटतं. पण बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60. पुढे जोर लावला की हेड चिरतं, नाहीतर जोड कायम गळत राहतो. हाताला किंचित जरी अडल्यासारखं लागलं तरी थांबा आणि निपल तपासा. टेफलॉन टेप वापरू नका, तिच्या चिंध्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. बाँडेड वॉशर (रबराची कड चिकटवलेला धातूचा) किंवा आट्यांचं द्रव सीलंट वापरा.

5. होज कापल्यावर आत रबराचा भुसा राहतो. दोन्ही बाजूंनी हवा मारा. होज परतीच्या मूळ लाइनपेक्षा बारीक नको. हेडवरचा बाण टाकीकडे हवा आणि टाकीतलं तोंड तेलाच्या पातळीखाली, नाहीतर तेलाला फेस येतो. हायड्रॉलिक मोटरची केस ड्रेन लाइन (मोटरच्या आत झिरपलेलं तेल बाहेर नेणारी) असेल तर ती फिल्टरमधून नेऊ नका, थेट टाकीत सोडा. तिथे दाब साठला तर मोटरच्या शाफ्टचं सील जातं.

6. डब्याच्या रबराला तेल लावा, टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे हातानंच पाऊण फेरा.

सुरू करताना

तेल भरा, कमी वेगावर दोन मिनिटं बिनभाराचं चालवा, मग सिलिंडर हळूहळू पूर्ण वर-खाली करा. सगळं खाली टेकवून, इंजिन बंद करून पातळी बघा. नवा डबा आणि होज तेल पितात, म्हणून ती उतरलेली असेल. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही. दाबाच्या लाइनच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तेल मांसात पसरतं आणि बोट जाऊ शकतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा.

गेज थंड तेलावर वर जाईल, त्याकडे लक्ष देऊ नका. तेल तापल्यावर काय दाखवतो ते लिहून ठेवा. पुढे तोच आकडा चढत बायपासजवळ आला की डबा बदलायचा. पहिला डबा मात्र 20-25 तासांतच काढा आणि फेकण्याआधी कापून बघा. पत्र्याचा डबा करवतीनं कापला तर किस कागदात मिसळेल, म्हणून फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडा. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी पूड ही नेहमीची झीज. तपकिरी तंतू क्लच-ब्रेकच्या लायनिंगचे, काळे तुकडे सीलचे किंवा होजच्या आतल्या थराचे. पिवळसर चमक दिसली आणि तिला चुंबक उचलत नसेल, तर ते पितळ किंवा ब्राँझ. पंपाच्या बुशचं असण्याचा संभव मोठा. दुसऱ्या डब्यातही तेवढीच चमक आली, तर तिसरा लावण्याआधी पंप उघडा.