टिफनी स्टाईलचा काचेचा लॅम्प घेताय? मग आधी हे बघा
टिफनी लॅम्प म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेली शेड असलेला दिवा, अमेरिकेतल्या लुई टिफनीच्या नावावरून. ऑनलाइन टिफनी लॅम्प म्हणून जे विकतात त्यातले काही चक्क रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे असतात, काहींवर नुसता रंग मारलेला असतो. त्यामुळे फोटोवर जाऊ नका, शक्यतो हातात घेऊनच बघा.

लॅम्प आधी बंद असताना बघा, मग लावून. चांगल्या काचेत रंग आतपर्यंत असतो, भट्टीतच मिसळलेला, म्हणून दुधी रेघा, पट्टे, सुरकुत्या दिसतात आणि कुठलेही दोन तुकडे सेम टू सेम नसतात. मग शेडच्या आतली बाजू बघा, दुकानदार बघू देत नसेल तर सरळ दुसरीकडे जा. या कामात काचेचा एकेक तुकडा कापून, कड घासून, त्याला तांब्याची पातळ पट्टी चिकटवतात, मग साच्यावर मांडून आतून बाहेरून सोल्डरने (वितळवून सांधा भरायच्या धातूने) जोडतात, त्यामुळे सांध्याची रेघ दोन्ही बाजूंनी उठून दिसली पाहिजे, आणि हाताने केलेली असल्याने बोटाला जराशी वरखाली लागते.

चर्चच्या खिडक्यांना वापरतात त्या शिशाच्या जाड पट्ट्यांनी एवढं बारीक आणि गोलाकार काम जमत नाही. तांब्याच्या पट्टीमुळेच विस्टेरियासारखी (फुलांच्या लोंबत्या घोसांच्या वेलीची) शेड होऊ शकली, एका शेडमध्ये जवळपास २००० तुकडे! आणि हे डिझाईन लुई टिफनीचं नाही बरं का, त्याच्या न्यूयॉर्कच्या कारखान्यात काच निवडणं-कापणं करणारा बायकांचा विभाग होता, त्याची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल, तिचं आहे. ड्रॅगनफ्लाय, म्हणजे चतुराच्या नक्षीचा लॅम्पसुद्धा तिचाच. लग्न ठरलं की तिथल्या मुलींना नोकरी सोडावी लागायची, आणि क्लाराचं नाव तर तिने घरी लिहिलेली पत्रं अभ्यासकांना सापडली तेव्हा, म्हणजे शंभरएक वर्षांनी पुढे आलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी कला त्या निवडीतच आहे, काचेच्या अख्ख्या शीटमधला नेमका कुठला भाग पाकळीचं टोक होईल आणि कुठला देठाजवळचा, हे डोळ्यांनी ठरवायचं. म्हणून तुम्हीपण तेच तपासा, पाकळीत रंग फिका-गडद होत गेलाय का, की एकच रंग सगळीकडे ठोकून दिलाय.

लॅम्पवरच्या टिफनी स्टुडिओजच्या शिक्क्याला भुलू नका, लुई टिफनीची ती कंपनी १९३० च्या दशकातच बंद पडली आणि शिक्का काय, आज कोणीही मारतं. नवीन लॅम्प आजच्या कारागिराचा म्हणूनच घ्या, काम छान असेल तर त्यात काहीच कमीपणा नाही.

घरी आणल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसायचा, अमोनियावालं ग्लास क्लीनर नको, सोल्डरवरचा काळपट रंग जातो. सोल्डरमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं, तेव्हा पुसल्यावर हात धुवा, लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. बल्ब वॉर्म एलईडी लावा, २७०० केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, बल्बच्या खोक्यावर असतं), पांढऱ्या लाईटमध्ये पिवळे-केशरी रंग मरतात. आणि कोणी अमेरिकेहून लॅम्प आणणार असेल तर तिकडचा १२० व्होल्टचा बल्ब इथे लावू नका, वायर, प्लग, होल्डर इलेक्ट्रिशियनला दाखवून, लागलं तर बदलूनच चालू करा.