असमतल जमिनीवर मोठी माशांची टाकी बसवताना या चुका टाळा

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ३४० लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि स्टँड धरून हे वजन साधारण ४५० ते ५०० किलोपर्यंत जाते. गोव्यातील जुन्या चिरेबंदी घरांत लाल कोब्याची जमीन ठिकठिकाणी खचलेली असते, तर ओसरीला आणि बाल्कनीला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दामच ढाळ दिलेला असतो. अशा जागी टाकी ठेवण्यापूर्वी जमीन मोजलीच पाहिजे.

पहिली चूक म्हणजे बहुतेक जण फक्त लांबीच्या दिशेने स्पिरिट लेव्हल (समतलता दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून समाधान मानतात. टाकीची एक बाजू दुसरीपेक्षा ६ मिलिमीटर खाली असेल, तर तिथल्या पाण्याची खोली आणि तळाशी पडणारा दाब जेमतेम एक टक्क्याने वाढतो. एकसारखा थोडासा उतार दिसायला वाईट दिसला, तरी काचेला त्याचा सहसा धोका नसतो. खरा धोका पिळाचा आहे. स्टँडचे तीन पाय टेकलेले आणि चौथा अधांतरी असेल, तर पाणी भरताच सांगाडा पिळतो आणि तो ताण तळाच्या काचेवर व सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. म्हणून चारही कोपरे मोजावेत. गवंडी समतलता पाहायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी यासाठी उत्तम, मात्र तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. स्पिरिट लेव्हल वापरल्यास ती उलटसुलट फिरवून दोनदा पाहावी, कारण स्वस्त लेव्हल स्वतःच चुकीची असू शकते.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत घातक, म्हणजे टाकीच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठा किंवा पाचर सरकवणे. दुरुस्ती नेहमी स्टँडच्या खाली करावी, काचेच्या खाली कधीही नाही. सपाट काचेच्या तळाखाली अंथरलेले थर्मोकोल बारीक खडबडीतपणा सामावून घेते, पण उतार किंवा पीळ दुरुस्त करत नाही. ज्या टाकीच्या तळाला प्लास्टिकची चौकट असते आणि काच तिच्यात किंचित वर बसवलेली असते, तिच्याखाली थर्मोकोल घालूच नये. ते तळाच्या काचेच्या मधल्या भागावर खालून दाब आणते.

पाचरीसाठी प्लायवूडचा तुकडा हाताशी असतो, म्हणून तोच वापरला जातो. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि पाणी बदलताना सांडणाऱ्या पाण्याने तो फुगतो किंवा कुजतो. त्याऐवजी पीव्हीसी, ॲक्रिलिक किंवा ग्रॅनाइटच्या पट्ट्या घ्याव्यात, आणि कपाटासारख्या स्टँडखाली त्या फक्त कोपऱ्यांत न देता पोकळी असेल तिथे सलग द्याव्यात. लोखंडी स्टँडचे बारीक पाय थेट टाइलवर टेकवू नयेत. टाइल नाण्याने वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला, तर खाली सिमेंटचा मसाला नीट भरलेला नाही असे समजून जागा बदलावी, निदान पायांखाली जाड, रुंद प्लेट द्यावी. जमिनीच्या उंचीतला फरक फारच मोठा असेल, तर गवंड्याकडून सिमेंटचा समतल थर घालून घेणे योग्य.

जुन्या घराच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असल्यास केवळ समतलता पाहून चालणार नाही. निवासी मजल्यासाठी भारतीय मानकांत धरलेला वापरभार (माणसे व सामानाचे वजन) प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलोच आहे. त्यामुळे अशी टाकी वर नेण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

पाणी एकदम काठोकाठ भरू नये. एक तृतीयांश भरून एक दिवस थांबावे आणि चारही कोपऱ्यांत पाण्याच्या रेषेपासून वरच्या काठापर्यंतचे अंतर मोजावे. एक कोपरा उरलेल्या तिघांच्या उताराशी जुळत नसेल किंवा कपाटाचे दार अचानक घासू लागले असेल, तर स्टँड पिळत आहे असे समजावे.

भरलेली टाकी वाकडी असल्याचे उशिरा लक्षात आले, तरी स्टँड पहारीने उचलण्याचा मोह टाळावा. मासे टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत हलवावेत, हवेचा पंप चालू ठेवावा, आणि उपयुक्त जिवाणू जगावेत म्हणून फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात बुडवून ठेवावा. उरलेले पाणी आणि वाळू पूर्ण काढून, रिकामी टाकी उतरवल्यावरच स्टँडखाली पट्ट्या घालाव्यात.